कठड्याकडच्या तीन कुंड्या

१

शुक्रवारी सकाळी गच्चीवरचं मोसंबीचं झाड एका हातानं उपटून आलं. हात सहासष्ट वर्षांच्या बाईचा होता आणि उपटायचं तिच्या मनातही नव्हतं. खोड जरा हलवून पाहिलं, तर झाड सरळ हातात आलं. मुळांच्या जागी चार-दोन सोललेल्या काड्या शिल्लक होत्या. बारीक मुळं कुणीतरी साफ फस्त केली होती.

बाईंनी झाड कठड्याला टेकवलं आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. बिल्डिंगमध्ये त्यांना भिंगबाईच म्हणत. गळ्यात दोरीला भिंग अडकवून फिरणाऱ्या बाईचं खरं नाव विचारायच्या भानगडीत कोण पडतं? तीस वर्षं त्यांनी बंदरावरच्या रोपतपासणीच्या खात्यात काढली होती. बाहेरून येणाऱ्या रोपांच्या, कंदांच्या मातीत कीड आहे का ते बघायचं आणि असली तर चिठ्ठीवर ‘नष्ट करावे’ लिहून खाली सही ठोकायची. त्या सहीचा तेव्हा दरारा होता. आता महिन्याकाठी एकदा पेन्शनच्या कागदावर सही करायची वेळ येई, बाकी कोणी विचारत नसे.

“मग, पटली खात्री?” मागून सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं.

साहेब नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त झालेले. दीड वर्षापूर्वी ते एकटेच इथं राहायला आले आणि लगेच सेक्रेटरी झाले, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. त्यांच्या नोटिसांचं अक्षर इतकं देखणं असे, की लोक अक्षराचं कौतुक करून मजकूर न वाचताच वर जात. कालची नोटीस मात्र सगळ्यांनी वाचली होती. वॉचमनने घातलेल्या खतातून कीड येऊन तीन झाडे धोक्यात आली आहेत. सबब त्याने जिन्याखालची खोली रिकामी करावी. ठरावासाठी रविवारी पाच वाजता सभा.

“तुम्ही त्या खात्यातल्या,” साहेब म्हणाले. “दोन ओळी लेखी द्या. खतातून कीड आली, एवढंच. सभेला कागद लागतो.”

गच्चीवर लिंबाच्या जातीची सहा झाडं होती. तीन कठड्याकडं, भर उन्हात. तीन पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. ती तिसऱ्या मजल्यावरच्या घड्याळजींनी लावली होती. गेल्या वर्षी घड्याळजी गेले. मागं कोणी नव्हतं, म्हणून झाडं वॉचमनकाकांकडं आली. काका आत्ता टाकीजवळ बादली धरून उभे होते. बावीस वर्षांची नोकरी आणि राहतं छप्पर दोन ओळींवर आलं होतं, आणि त्या ओळी भिंगबाईंनी लिहायच्या होत्या.

त्यांनी कुंडीत हात घातला. वरची खडी बाजूला केली, काळी भुसभुशीत माती उकरली. वीतभर खाली हाताला काहीतरी वेगळं लागलं. दोन ओंजळी भरतील एवढा पिवळसर, चिकट मातीचा गोळा. तो फोडला तर आत चार हुमण्या निघाल्या. पांढऱ्या, जाडजूड, अंग मुडपून पडलेल्या. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी. मुळं खाण्यापलीकडं तिला आयुष्यात दुसरं काम नाही.

“सही रविवारी देते,” बाई म्हणाल्या. “कशाखाली, ते तेव्हा ठरवू.”

साहेब तडतडत खाली गेले. बाई मात्र गोळ्याकडं बघत राहिल्या. त्या पिवळ्या मातीतून एक लाल दोरा बाहेर आला होता.

२

जिन्याखालच्या खोलीत सरळ उभं राहता येत नव्हतं. काकांची आवराआवर झाली होती. एक ट्रंक, एक स्टोव्ह, एक वळकटी. फळीवर एक टेबलावरचं घड्याळ टिकटिकत होतं.

“घड्याळजींचं,” काका म्हणाले. “रोज सकाळी किल्ली देतो. बंद पडलं तर वाटतं, ते पुन्हा एकदा गेले.”

बाईंकडंही बोलायला कोणी येत नसे, त्यामुळं सवय गेली होती. त्यांनी सरळ कामाचं विचारलं.

“काका, खत कधी घातलंत?”

“दोन महिने झाले. सहाही कुंड्यांना, सारखं.”

“चाळून?”

“घड्याळजींची शिस्त होती ना. पिठाच्या चाळणीनं चाळायचं. हसायचे लोक.” काकांनी खिळ्यावरची चाळणी काढून दिली.

बाईंनी डबीतली एक हुमणी चाळणीत टाकली. करंगळीएवढी जाड होती ती. चाळणीच्या भोकातून मोहरीचा दाणा कसाबसा गेला असता.

“अंडी गेली असतील तर?” काका स्वतःच म्हणाले. स्वतःच्या विरुद्ध बोलणारा संशयित बाईंनी पहिल्यांदाच पाहिला.

“दोन महिन्यांत अंड्यापासून एवढी नाही वाढत. ही चांगली पाच-सहा महिन्यांची आहे. शिवाय खत सहाही कुंड्यांना घातलंत आणि सुकतायत तीन.” त्यांनी डबीला झाकण लावलं. “गच्चीवर कोण कोण येतं?”

“कुलूप असतं. किल्ल्या दोन, एक माझ्याकडं, एक साहेबांकडं. शिवणताई कपडे वाळत घालायला माझ्याकडून नेतात, आणि रोज माझ्याशी भांडतात. मी झाडांवर चादरी टाकू देत नाही म्हणून. साहेब संध्याकाळी येतात. उभे राहतात कठड्याशी.”

“नुसते?”

“नुसते. मध्ये तीनेक रविवारी डबा धूत होते वरच्या नळावर. घरातला नळ बिघडला असेल. जपून आणायचे डबा, दोन्ही हातांनी धरून.” काकांनी वळकटीवरची धूळ झटकली. “माणूस वाईट नाही हो. झाडांवर जीव आहे त्यांचा. पहिलं पान पिवळं पडलं ते त्यांनाच दिसलं, मला नाही. म्हणून तर एवढा राग आला त्यांना.”

“जाणार कुठं तुम्ही?”

“बघू,” काका म्हणाले, आणि वळकटीची दोरी पुन्हा आवळली.

दारातून वाकून बाहेर पडताना बाई थांबल्या. हुमणी चाळणीतून आली नाही. उडत आलेल्या भुंगेऱ्यानं अंडी घातली असती तर ती काळ्या मातीतही सापडली असती. म्हणजे एकच वाट उरली. ती पिवळी माती कुणीतरी स्वतःच्या हातानं, खड्डा करून कुंडीत पुरली होती.

३

शनिवारी सकाळी बाईंनी कठड्याकडच्या उरलेल्या दोन कुंड्या तपासल्या. संत्र्याच्या कुंडीत पिवळा गोळा सापडला, तीन हुमण्या. लिंबाच्या कुंडीतही गोळा, पाच हुमण्या. दोन्ही झाडांची मुळं अर्धी शाबूत होती, वाचण्यासारखी. टाकीकडच्या तिन्ही कुंड्यांत मात्र नुसती काळी माती, आणि दोन गांडुळं, ती आपल्या कामात.

तिन्ही गोळे त्यांनी घरी आणून वर्तमानपत्रावर पसरले. घरात आवाज म्हणाल तर फ्रिजचा. जेवणाच्या टेबलाला खुर्च्या चार होत्या, पैकी तीन नव्या कोऱ्या राहिल्या होत्या.

मातीत दोऱ्याचे तुकडे बरेच निघाले, लाल, निळे, उडालेल्या रंगाचे. एक गंजलेला ब्लाउजचा हूक. एक बोटभर चिंधी, तिची कड दुमडून शिवलेली.

परक्या मातीत बोटं घातली, की बाईंना कोको पावडरचा एक डबा आठवे. बंदरावर एक म्हातारी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून आली होती. आत रोप नव्हतं, कंद नव्हता. नुसती माती. भिंगाखाली कीड दिसली आणि बाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. म्हातारी म्हणाली, “सही करायच्या आधी एकदा हात घालू का यात?” मागं चाळीस माणसं खोळंबली होती. बाई म्हणाल्या, “आजी, मागं रांग आहे.” म्हातारीनं वाद घातला नाही. डबा भट्टीत गेला. माती कुठली, कोणाची, हे बाईंनी विचारलंच नव्हतं. नियमाप्रमाणं त्या चुकल्या नव्हत्या, आणि वीस वर्षं झाली तरी त्यांना ते गिळता आलं नव्हतं.

त्यांनी चिंधी आणि दोरे पाकिटात घातले. या बिल्डिंगमध्ये दोऱ्यांच्या राशीत बसणारं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाचं काकांशी रोजचं भांडण होतं.

४

शिवणताईंचं दुकान म्हणजे तळमजल्यावरची पुढची खोली. ताईंच्या तोंडात टाचण्या होत्या. तशाही त्या बोलू शकत, हे त्यांचं वैशिष्ट्य होतं.

“काकांना हाकलणार म्हणे,” त्या म्हणाल्या. “हाकला. मग मी भांडू कोणाशी? दुसरा माणूस ठेवतील तो ऐकून तरी घेईल का?”

भिंगबाईंनी पाकीट मशीनवर रिकामं केलं. “हे तुमचं?”

ताईंनी टाचण्या तोंडातून काढल्या. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“कुठं सापडलं?”

“मोसंबीच्या मुळाशी.”

“आणि तुम्हाला वाटलं मी पुरलं. चिंध्या मी टाकत नाही बाई, गादीवाला किलोनं नेतो.” त्यांनी चिंधी उचलून खिडकीशी धरली, चोळून पाहिली. “टेरिकॉट आहे. आता कोण शिवतं टेरिकॉट? आणि हा दोरा बघा, बाहेरून विटलाय आणि टाक्याच्या आत लालभडक आहे. कैक वर्षं मातीत होता हा.”

“शिवण कशी आहे?”

ताईंनी चिंधीची दुमडलेली कड नखानं उलगडली.

“हातशिलाई आहे. टाके मोजा, मोजता येतात का बघा. इतकं बारीक मला नाही येत. आमच्या धंद्यात दुसऱ्याला चांगलं म्हणायची पद्धत नाही, पण ही बाई कोणी असेल ती, तिच्या हाताखाली मी काजं करायला बसले असते.”

“बिल्डिंगमधलं कोणी?”

“छे. इथं लोक बटण लावायला माझ्याकडं येतात. एक सेक्रेटरी सोडून. मागच्या महिन्यात त्यांच्या शर्टाचं बटण लोंबत होतं, म्हटलं द्या लावून देते, दोन मिनिटांचं काम. तर हात असा छातीवर धरला, जसं मी शर्टच काढून घेणार होते. स्वतः लावलंय आता, काळ्या दोऱ्यानं, पांढऱ्या शर्टावर.”

भिंगबाईंना ते बटण आठवलं. शुक्रवारी गच्चीवर त्यांनी ते पाहिलं होतं. आणि त्याच शर्टाच्या कॉलरला, जुन्या टेरिकॉटला, एक रफूही पाहिलं होतं. इतकं बारीक, की भिंग लावायचा मोह झाला होता.

त्यांनी पाकीट गोळा केलं आणि हात टेकून उठल्या. साहेबांचं स्वयंपाकघर बंद असे, ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवत. मग रविवारी दोन्ही हातांनी जपून आणायच्या त्या डब्यात होतं काय?

५

रविवारी चार वाजता बाईंनी साहेबांची बेल दाबली. सभेला तास होता.

खोलीत नकाशे काढायचा तिरपा फळा होता, एक खुर्ची होती आणि कोपऱ्यात पायाचं शिलाई मशीन. मशीनवर चादर होती. सुईत ओवलेला दोरा तेवढा बाहेर दिसत होता.

“आणलात कागद?” साहेबांनी विचारलं.

“आणलाय. आधी ऐका.” बाई उभ्याच राहिल्या. “खतातून हुमणी आली नाही. चाळणीतून ती जात नाही, आणि खत सहा कुंड्यांना घातलं होतं. कीड आली पिवळ्या मातीतून. ती कुणीतरी तीन कुंड्यांत पुरली. त्या मातीत शिवणाऱ्या बाईची कात्रणं आहेत, वर्षानुवर्षं टाकलेली. तुमच्या कॉलरवर त्याच हाताचे टाके आहेत. गच्चीची किल्ली तुमच्याकडं आहे. तुम्ही हॉटेलात जेवता, आणि तीन रविवार डबा वर धुतलात.” त्या क्षणभर थांबल्या. “शिवाय तो दोन्ही हातांनी धरून आणलात. मातीचा डबा माणसं तशीच धरतात. मी पुष्कळ पाहिलीत.”

साहेबांची नजर फळ्याकडं गेली आणि बाईंचीही गेली. फळ्यावरच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेला एका अंगणाचा नकाशा होता. मोजमापं घालून, सहा वाफे. वाफा एक, दोन, तीन यांवर बारीक खूण होती, शेजारी तारखा. तिन्ही रविवारच्या. चार, पाच, सहा कोरे होते.

“कात्रणं आमची ही वाफ्यात टाकायची,” साहेब म्हणाले. “म्हणायची, कुजतील. टेरिकॉट कुठलं कुजतंय? पण तिला सांगणार कोण?”

त्यांनी खुर्ची बाईंकडं सरकवली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“ती गेल्यावर त्या घरात मला राहवेना. विकलं. आता नवा मालक सगळं पाडतोय, उद्यापासून मशीन लागणार. मला वाटलं, माती तरी आणावी. माझ्या खिडकीत ऊन येत नाही. वर कठड्याशी येतं, आणि तिला ऊन आवडायचं. एकेक वाफा एकेका कुंडीत घालायचा ठरवलं. तीन झाले, आणि पानं पिवळी पडायला लागली. मी चौथ्याला गेलोच नाही. म्हटलं, तो माणूस घाणेरडं खत घालून हेही मारणार.”

“डबा भरताना अळ्या दिसल्या नाहीत?”

“चष्मा काढला होता,” साहेब म्हणाले.

खाली खुर्च्या मांडल्याचे आवाज येऊ लागले.

“म्हणजे मीच मारलं झाड.”

“हुमणीनं मारलं. तुम्ही तिला पोचवलंत.”

“सभेत सांगणार?”

बाईंनी कागद दाखवला. त्यावर एकच ओळ होती: खतात कीड नव्हती. “माझ्या सहीत एवढंच बसतं. माती कोणाची, ते ज्याची आहे त्यानं सांगायचं. पण साहेब, किल्ल्या दोनच आहेत. तुम्ही गप्प राहिलात तर खोली काकांचीच जाईल.”

६

सभेला अकरा माणसं आली. काका ट्रंक घेऊनच आले होते, म्हणजे परत आत जाऊन आणायला नको. बाईंनी आपली ओळ वाचली.

“मग आली कुठून कीड?” पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं. “कुणी आणून घातली म्हणावं, तर गच्चीची किल्ली वॉचमनकडंच असते. दुसरं कोण जाणार?”

“उगाच काहीतरी बोलू नका,” शिवणताई म्हणाल्या. काकांनी ट्रंकेच्या कडीला हात घातला.

बाईंनी मनात मोजायला सुरुवात केली. दहापर्यंत थांबायचं आणि मग आपण सांगून टाकायचं, असं त्यांनी जिना उतरताना ठरवलं होतं. काकांचं छप्पर कुणाच्या संकोचापायी जाऊ द्यायचं नव्हतं. चार झाले. पाच झाले. साहेब टेबलाशी नोटिशीकडं बघत बसले होते. सहा.

सातव्याला ते उठले.

“कुंड्यांत बाहेरची माती मी घातली,” ते म्हणाले. “माझ्या बायकोच्या वाफ्यातली. ते घर उद्या पाडतायत, म्हणून आणली. चोरून घातली, न तपासता घातली, आणि आळ या माणसावर घेतला.” मग ते काकांकडं वळले. त्यांना हात जोडायचे होते, पण एका हातात नोटीस होती. “काका, चूक माझी. ट्रंक आत ठेवा.”

काकांनी ट्रंक उचलली, दोन पावलं गेले आणि परत आले.

“उद्या घर पाडणार म्हणालात ना?” ते म्हणाले. “मग बाकीची माती?”

साहेबांनी मान हलवली. “राहू दे आता. कीड आहे तिच्यात.”

“कीड काढता येते,” भिंगबाई म्हणाल्या. तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी बंदरावर एकदाही उच्चारलं नव्हतं. “चाळायची, अळ्या साबणाच्या पाण्यात टाकायच्या. मग प्लास्टिकखाली महिनाभर उन्हात तापवायची. काका, चाळणी घ्या.”

साडेसहाला तिघं त्या अंगणात पोचले. उजेड बराच होता. घराची दारं-खिडक्या आधीच काढून नेल्या होत्या, त्यामुळं आरपार दिसत होतं. साहेबांनी नकाशा न बघता वाफे दाखवले. काका खणत होते, बाई भिंग लावून हुमण्या वेचून बादलीत टाकत होत्या, आणि साहेब चाळत होते. चाळणीत दोरे राहत. ते एकेक उचलून बघायचे. “हा माझ्या निळ्या शर्टाचा,” एकदा म्हणाले. “हा कशाचा, आठवत नाही.” तो त्यांनी बराच वेळ बोटात धरला.

चार, पाच आणि सहा नंबरचा मिळून गुडघाभर ढीग झाला. मऊ, पिवळा, स्वच्छ. काकांनी पोत्याचं तोंड उघडून धरलं. साहेब घाईघाईनं फावडं शोधू लागले; शेवटची बस चुकेल, तुम्हाला उगाच उशीर, असं काहीतरी पुटपुटत होते.

“साहेब,” भिंगबाई म्हणाल्या. “आधी हात घाला.”

ते थांबले.

“सावकाश,” बाई म्हणाल्या. “मागं रांग नाहीये.”

साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, गुडघे टेकले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत घातले. बाई बाजूला बादलीपाशी जाऊन बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “काय काय लावायच्या त्या इथं?” आणि साहेब पहिल्या वाफ्यापासून सांगू लागले.